न दिसणारी लुकलुक

मानवाच्या पाच ज्ञानेंद्रियांमध्ये नेत्रांना अग्रस्थान दिले जाते, आणि ते यथार्थच आहे. ग्रंथातील अक्षर, आकाशातील तारका आणि आईच्या मुखावरील समाधान ही सर्व आपणांस नेत्रांच्याच द्वारा कळतात. तथापि ज्या इंद्रियावर आपण सर्वाधिक विश्वास टाकतो, तेच इंद्रिय आपल्यापासून कितीतरी गोष्टी लपवून ठेवीत असते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. अशाच एका लपलेल्या गोष्टीचा परिचय आम्ही या लेखात वाचकांस करून देणार आहोत. ती गोष्ट म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील लुकलुक.

‘लुकलुक? छे! आमचा मोबाइल तर देवघरातील समईसारखा स्थिर तेवतो,’ असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रारंभी असेच म्हणत होतो. आमचे ते मत कसे पालटले, याची हकीकत प्रथम सांगणे योग्य होईल.

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाचे आम्ही पाच विद्यार्थी. तिघे येथलेच, पांढुर्ण्याचे. दोघे सौंसरहून मामाच्या घरी शिकावयास आलेले. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यापासून निराळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ही दोन्ही गावे एकाच नव्या जिल्ह्यात नांदत आहेत. मध्य प्रदेशात राहून मराठी माध्यमातून शिकणाऱ्या आम्हां मुलांना मराठी पुस्तके नेहमीच सहज मिळतात असे नाही. मग नागपूरचा कोणी आप्त एखाद्या पुस्तकाची पाने मोबाइलवर धाडतो आणि ती आम्ही रात्री पडद्यावर वाचतो. म्हणजे मोबाइल हे आमचे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. पुष्कळदा तीच आमची पाटी आणि तेच आमचे पुस्तक.

आमच्या वर्गातील एका भगिनीच्या थोरल्या भावाने गेल्या पोळ्याच्या सुमारास नागपूरहून एक नवा, बराच महागडा मोबाइल आणला. पडदा काय सुरेख! काळा रंग काजळासारखा काळा, पांढरा रंग दुधासारखा पांढरा. रात्री आजी-आजोबा निजले की त्याच खोलीत ती दिवा मालवून, पडद्याचा उजेड अगदी मंद करून धडे वाचीत असे. थोड्याच दिवसांत तिचे डोके दुखू लागले. कपाळाच्या दोन्ही बाजूंस ठणका, डोळ्यांत शीण, कधी मळमळ. नेत्रवैद्यांना दाखविले. त्यांनी तपासून सांगितले, ‘डोळे निर्दोष आहेत, चष्म्याचा नंबर नाही.’ मग काय! घरी आई म्हणू लागली, “अभ्यास कराचा आला का डोकं दुखतेच तुह्यं!” शाळेतही आम्ही तिची थट्टा केली. त्याच पडद्यावर तिचा भाऊ तासन्‌तास क्रिकेटचे सामने पाही, त्याला काहीच होत नसे. तेव्हा हे निमित्तच असले पाहिजे, असा आमचा निवाडा होता.

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या कानी ही गोष्ट गेली. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “आधी मोजा, मग हसा.” त्या एका वाक्याने आमची थट्टा संपली आणि अभ्यास सुरू झाला.

प्रथम लुकलुक म्हणजे काय ते पाहू. प्रवासात मावळतीच्या वेळी सूर्य रस्त्याकडेच्या झाडांआड आला, की बसच्या खिडकीत बसणाऱ्याच्या मुखावर ऊन आणि सावली भराभर येत-जात राहतात. डोळे आपोआप मिटतात, मस्तक भणभणते. ही झाली दिसणारी लुकलुक. प्रकाश सेकंदातून जितक्या वेळा कमी-अधिक होतो, त्या संख्येस वारंवारता म्हणतात व ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. सेकंदाला दहा वेळा उजेड-अंधार झाला, तर वारंवारता १० हर्ट्‌झ झाली.

मंद गतीची लुकलुक काही व्यक्तींना केवळ त्रासदायक नव्हे, तर अपायकारकही ठरते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवर ‘पोकेमॉन’ या मुलांच्या चित्रमालिकेचा एक भाग दाखविण्यात आला. त्यातील एका दृश्यात तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून-पालटून चमकला आणि त्या रात्री सहाशेंहून अधिक प्रेक्षकांना, त्यांतील बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटकेही आले. प्रकाशाचे स्पंदन मेंदूपर्यंत पोहोचते, याचे इतके दारुण उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

परंतु वारंवारता वाढत गेली, की एक चमत्कार घडतो. सेकंदाला पन्नास-साठ वेळा चमकणारा प्रकाश बहुतेकांस अखंड भासू लागतो. दृष्टिपटलावर उमटलेला ठसा क्षणार्धात पुसला जात नाही. तो पुसला जाण्यापूर्वीच दुसरा ठसा येऊन पडतो. यालाच आपण पाठ्यपुस्तकात दृष्टिसातत्य म्हणून शिकलो. सिनेमाच्या किमयेत या गुणाचाही वाटा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. त्या मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडद्यावर येत. एवढ्या गतीने चित्रातील माणूस चालताना दिसतो खरा. पण पडदा मात्र असह्य लुकलुकतो. यावर उपाय म्हणून प्रक्षेपकाच्या भिंगापुढे तीन पात्यांची एक चकती फिरवीत. ती प्रत्येक चित्र तीनदा झाकी आणि तीनदा उघडी. सोळाचे तिप्पट अठ्ठेचाळीस! चित्रे तितकीच, परंतु लुकलुक तिप्पट जलद झाल्याने डोळ्यांस ती पुष्कळच सुसह्य होई. म्हणजे चित्र बदलण्याची गती ही एक गोष्ट आणि प्रकाश चमकण्याची गती ही दुसरी गोष्ट. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता सिनेमागृहातून घरी येऊ. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो, म्हणून जुन्या चोकाची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. हे आपणांस दिसत नाही. पण अशा ट्यूबखाली फिरणारे यंत्राचे चाक कधी थांबल्यासारखे, तर कधी उलटे फिरल्यासारखे भासते. थांबलेले समजून कोणी त्याला हात लावला तर अनर्थच! म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूबा विजेच्या निरनिराळ्या फेजवर जोडण्याची पद्धत पडली. एक मंद होते तेव्हा दुसरी प्रखर असते. डोळ्यांना न दिसणारी लुकलुक खोटी नसते, ही गोष्ट कारखान्यातील कामगार पुष्कळ पूर्वीपासून जाणत होते.

पण न दिसणाऱ्या लुकलुकीने डोके दुखू शकते काय? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर १९८९ साली इंग्लंडमध्ये मिळाले. आर्नोल्ड विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कचेरीत प्रयोग केला. काही काळ तेथील ट्यूबलाइटना साधा चोक बसविला, की ज्यात प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. आणि काही काळ इलेक्ट्रॉनिक चोक बसविला, की ज्यात प्रकाशाचे स्पंदन सेकंदाला हजारो वेळा होते. डोळ्यांना दोन्ही दिवे स्थिरच दिसत. कोणता चोक केव्हा लावला आहे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. प्रत्येकाने आपापल्या डोकेदुखीची नोंद ठेवली. हिशेब करून पाहता असे आढळले, की इलेक्ट्रॉनिक चोकाच्या काळात डोकेदुखी व डोळ्यांचा शीण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहूनही खाली आले होते. ज्यांना पूर्वीपासून डोकेदुखीचा त्रास होता, त्यांनाच याचा अधिक लाभ झाला. सर्वांना सारखा त्रास होत नाही, म्हणून कोणालाच होत नाही, असे म्हणता येत नाही, हा या प्रयोगाचा बोध. आमच्या वर्गभगिनीविषयी आम्ही केलेली चूक येथेच आम्हांस उमगली.

हे झाले दिव्यांविषयी. मोबाइलच्या पडद्याची लुकलुक कोठून आली? पूर्वीचे बहुतेक मोबाइल एलसीडी पडद्याचे असत. त्यात पडद्यामागे लहान दिवे असतात आणि पुढील थर तो प्रकाश अडवितो किंवा जाऊ देतो. नव्या महाग मोबाइलांत ओलेड नावाचा पडदा असतो. त्यात मागे दिवा नसतो. पडद्यावरील प्रत्येक ठिपका स्वतःच दिव्यासारखा पेटतो. काळे दाखवावयाचे तर तो ठिपका पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग इतका गडद. सॅमसंगच्या २०१० सालच्या गॅलक्सी एस या मोबाइलात याच जातीचा पडदा होता आणि २०१७ साली आलेल्या आयफोन १० पासून आयफोनातही तो आला. आज तर मध्यम किमतीच्या मोबाइलांतही तो आढळतो.

या ठिपक्यांचा उजेड कमी कसा करावयाचा? संत्र्याच्या बागेतील उदाहरण घेऊ. एका झाडाला ठरलेल्या वेळेत निम्मेच पाणी द्यावयाचे असेल तर दोन मार्ग आहेत. नळाची तोटी निम्मी उघडून पूर्ण वेळ पाणी सोडावे, हा पहिला. किंवा तोटी पूर्ण उघडून निम्माच वेळ पाणी सोडावे, हा दुसरा. झाडाला मिळणारे पाणी दोन्ही मार्गांनी सारखेच. ओलेड पडद्यात पहिला मार्ग अवलंबिला, म्हणजे विजेचा प्रवाहच फार कमी केला, तर रंग बिघडतात आणि पडद्यावर डागाडागांचा असमान उजेड पडतो. यासाठी अनेक कारखानदार दुसरा मार्ग स्वीकारतात. ठिपका पूर्ण पेटवावयाचा, क्षणभराने विझवावयाचा, पुन्हा पेटवावयाचा. पेटण्याचा काळ जितका थोडा, तितका पडदा मंद भासतो. यास इंग्रजीत ‘पल्स विड्थ मॉड्युलेशन’ म्हणतात; आपण ‘स्पंदांची रुंदी बदलणे’ असे म्हणू.

येथे वाचकांच्या ध्यानी एक विलक्षण गोष्ट आली असेल. पडदा जितका मंद करावा, तितका त्यातील अंधाराचा वाटा वाढतो. म्हणजे डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून रात्री आपण पडदा अगदी मंद करतो, तेव्हाच त्याची लुकलुक सर्वांत तीव्र होते! आमची वर्गभगिनी मोठ्या काळजीने जे करीत होती, तेच तिला नडत असावे, अशी शंका आम्हांस प्रथम येथे आली.

या लुकलुकीची वारंवारता किती? पुष्कळ ओलेड मोबाइलांत ती २४० हर्ट्‌झ असते. चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होते आणि प्रत्येक चित्रात चार स्पंद असतात, म्हणून साठ गुणिले चार. काहींत ती ४८० हर्ट्‌झ असते. अलीकडे काही कारखानदारांनी ती २००० हून अधिक, काहींनी ४००० हून अधिक नेली आहे. दुकानदार मात्र ‘हा पडदा १२० हर्ट्‌झचा आहे’ असे सांगतो तेव्हा तो चित्र बदलण्याची गती सांगत असतो, लुकलुकीची नव्हे. फाळक्यांच्या काळच्या सोळा आणि अठ्ठेचाळीस या दोन आकड्यांतील भेद तो हाच.

आता आमचे प्रयोग. पहिल्या प्रयोगास एक पेन्सिल पुरे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर कोरे पांढरे पान उघडावे, उजेड अगदी मंद करावा आणि पडद्यापुढे पेन्सिल पंख्याप्रमाणे भराभर हालवावी. प्रकाश अखंड असेल तर पेन्सिलीची एकसंध पुसट छाया दिसते. प्रकाश लुकलुकत असेल तर एका पेन्सिलीच्या अनेक सुट्या पेन्सिली झालेल्या दिसतात. असे का व्हावे, याचे गणित सोपे आहे. पेन्सिल सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ३०० सेंटिमीटर वेगाने हालते असे धरू. २४० हर्ट्‌झच्या पडद्यावर दोन स्पंदांच्या दरम्यान ती ३०० भागिले २४०, म्हणजे सव्वा सेंटिमीटर सरकते. पेन्सिलीची जाडी असते सुमारे ७ मिलिमीटर. म्हणून छाया सुट्या पडतात. वारंवारता २००० असेल तर पेन्सिल दोन स्पंदांत दीड मिलिमीटरच सरकते. छाया एकमेकींवर पडून मिसळून जातात. पेन्सिल जणू काळ मोजणारी मोजपट्टीच झाली!

दिवाळीच्या सुटीत सौंसरला आमच्या सोबत्याच्या घरी आम्ही तीन मोबाइल ओळीने मांडून हा प्रयोग केला. पहिला जुना एलसीडीचा. त्यावर पेन्सिलीची छाया एकसंध दिसली. दुसरा वर्गभगिनीच्या भावाचा. त्यावर मंद उजेडात पाच-सहा काळ्या पेन्सिली स्पष्ट उभ्या राहिल्या. मग उजेड पूर्ण वाढविला, तो त्या पेन्सिली पुसट होऊन जवळजवळ नाहीशा झाल्या. तिसरा मोबाइल शेजारच्या काकांचा, ओलेडचाच परंतु जलद स्पंदांचा. त्यावर मंद उजेडातही सुट्या पेन्सिली दिसल्या नाहीत. म्हणजे सर्व ओलेड पडदे एका माळेचे मणी नव्हेत.

दुसरा प्रयोग कॅमेऱ्याचा. दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात छायाचित्राचा काळ हाताने ठरविण्याची सोय असल्यास तो सेकंदाचा दोन हजारावा भाग इतका थोडा ठेवून पडद्याकडे पाहावे. लुकलुकणाऱ्या पडद्यावर काळे आडवे पट्टे दिसतात. कॅमेरा चित्र एका क्षणात घेत नाही, ओळीओळीने टिपतो. पडदा विझलेला असताना टिपलेल्या ओळी काळ्या राहतात. कॅमेऱ्यास सारे चित्र टिपण्यास सेकंदाचा साठावा भाग लागत असेल आणि पडदा २४० हर्ट्‌झचा असेल, तर पट्टे चार दिसावेत. पट्टे काळेकुट्ट असतील तर लुकलुक खोल, पुसट असतील तर उथळ.

खोल आणि उथळ हा भेदही महत्त्वाचा आहे. प्रकाश पूर्ण विझून पुन्हा पेटत असेल तर लुकलुकीची खोली शंभर टक्के. थोडाच कमी-अधिक होत असेल तर थोडे टक्के. अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली एलईडी दिव्यांसाठी एक ठोकताळा प्रसिद्ध केला. ९० पासून १२५० हर्ट्‌झपर्यंत वारंवारतेस ०.०८ ने गुणावे. येईल त्याहून अधिक टक्के खोली नसावी, म्हणजे धोका अल्प. १०० हर्ट्‌झला ही मर्यादा ८ टक्के येते आणि २४० हर्ट्‌झला १९ टक्क्यांच्या आसपास. १२५० हर्ट्‌झला ती शंभर टक्के होते, म्हणजे त्यापुढे प्रकाश पूर्ण विझला तरी धोका थोडाच मानला आहे. हा ठोकताळा दिव्यांचा आहे, मोबाइलचा नव्हे, हे खरे. परंतु जलद आणि उथळ लुकलुक बरी, मंद आणि खोल लुकलुक वाईट, हे तत्त्व दोहोंस लागू पडते.

न दिसणारी लुकलुक शरीरास कळते तरी कशी? शास्त्रज्ञांनी दृष्टिपटलातील सूक्ष्म विद्युत्-लहरी मोजल्या असता, सेकंदाला १०० हून अधिक वेळा होणाऱ्या लुकलुकीसही दृष्टिपटल त्याच तालावर प्रतिसाद देते असे आढळले. मनाला जे कळत नाही ते दृष्टिपटलाला कळते! शिवाय वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो टोळाप्रमाणे लहान लहान उड्या मारीत जातो. अशा उडीच्या काळात दृष्टिपटल स्वतःच वेगाने फिरत असते आणि मग जे आमच्या हालत्या पेन्सिलीचे झाले, तेच प्रकाशाच्या ठशाचे होते. एकाचे अनेक ठसे उमटतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १००० हर्ट्‌झहून अधिक वारंवारतेची लुकलुकही डोळ्यांच्या उडीच्या वेळी लोकांना ओळखता आली. म्हणजे पडद्यावर स्थिर नजर लावणाऱ्यापेक्षा ओळींमागून ओळी वाचणाऱ्यास लुकलुक अधिक जाणवू शकते. भाऊ सामने पाही आणि बहीण धडे वाची, या भेदाचे इंगित अंशतः यातही असेल.

तथापि शंका म्हणजे सिद्धांत नव्हे. डोळे शिणण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या फार थोड्या वेळा मिटतो, त्यामुळे बुबुळावरील ओलावा सुकतो. वैशाखात कुलरचा झोत मुखावर घेऊन वाचणाऱ्यास हे विशेष जाणवते. मोबाइल अगदी नाकाशी धरल्याने डोळ्यांच्या स्नायूंवर ताण येतो. निद्रा अपुरी असली तरी डोके दुखते. यांतील खरे कारण कोणते, हे ठरवावयाचे कसे?

इंग्लंडमधील कचेरीचा प्रयोग आमच्या स्मरणात होताच. आम्ही वर्गभगिनीस सर्व सांगून तिची संमती घेतली आणि तिच्या भावाच्या साहाय्याने दोन पद्धती ठरविल्या. ‘अ’ पद्धतीत पडद्याचा उजेड नेहमीप्रमाणे अगदी मंद. ‘ब’ पद्धतीत उजेड बराच वाढवून, त्यावर मोबाइलमध्येच असलेल्या सोयीने एक काळसर झिरझिरीत पडदा चढवावयाचा, की ज्यामुळे चित्र पूर्वीइतकेच मंद दिसे, परंतु पेन्सिलीच्या कसोटीस लुकलुक उथळ ठरे. रोज रात्री भावाने मनास येईल ती पद्धत लावावी व आपल्या वहीत टिपून ठेवावी. तिने न विचारता ठरलेला वेळ वाचावे व डोके दुखले की नाही ते आपल्या वहीत लिहावे. खोली तीच, अंतर तेच, वेळ तोच. दोन आठवड्यांनी सरांच्या समक्ष दोन्ही वह्या शेजारी ठेवून उघडल्या.

ज्या रात्री डोके दुखले होते त्या बहुतेक सर्व ‘अ’ पद्धतीच्या निघाल्या. एक रात्र ‘ब’ पद्धतीची असूनही दुखले होते. त्या दिवशी ती दुपारभर बागेत संत्री तोडण्याच्या कामावर उन्हात होती. ‘अ’ पद्धतीच्या एक-दोन रात्री काहीच झाले नव्हते. एका व्यक्तीच्या दोन आठवड्यांच्या नोंदीने जगाचा नियम सिद्ध होत नाही, हे सरांनी आम्हांस बजावले व ते आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. परंतु एक गोष्ट निश्चित झाली. आज कोणती पद्धत आहे हे ठाऊक नसताना तिचे डोके ज्या रात्री दुखले, ती रात्र तिने निवडलेली नव्हती. तेव्हा ते निमित्त नव्हते.

या अभ्यासातून निघालेल्या काही व्यावहारिक सूचना आता सांगतो. अंधारात पडदा अगदी मंद करून वाचू नये. खोलीत दिवा लावावा आणि पडद्याचा उजेड खोलीस शोभेल इतका ठेवावा. त्रास होत असेल तर लुकलुक कमी करण्याची सोय आपल्या मोबाइलात आहे काय, हे पाहावे. अनेकांत ती असते. नवा मोबाइल घेताना पेन्सिल खिशात न्यावी. पडदा पिवळसर करण्याच्या सोयीने निळा रंग कमी होतो, लुकलुक कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांविषयीच्या अनेक प्रयोगांचा आढावा २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने घेतला. त्यात अशा चष्म्यांनी पडद्यामुळे होणारा शीण साध्या काचांपेक्षा बहुधा कमी होत नाही, असे आढळले. दर वीस मिनिटांनी दूरच्या वस्तूकडे थोडा वेळ पाहावे व पापण्यांची उघडझाप करावी. डोकेदुखी टिकून राहिली तर नेत्रवैद्यांकडे प्रथम जावे, पेन्सिलीकडे मागाहून. आणि कागदावर छापलेले पुस्तक हाती असेल तर तेच वाचावे. कागद लुकलुकत नाही.

सर्वांत शेवटची सूचना आम्हीच आम्हांला दिली आहे. कोणी ‘मला त्रास होतो’ असे सांगितले आणि तो आपणांस होत नसला, तर आपल्या डोळ्यांची साक्ष त्याच्या साक्षीवर लादू नये. आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्या शोधण्यासाठी विज्ञान आहे, आणि शोध लागेपर्यंत धीर धरण्यासाठी स्नेह आहे. आमच्या वर्गभगिनीची आम्ही वर्गात सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तिने ती हसून दिली.

तिच्या मातोश्रींना दोन्ही वह्या दाखविल्या. त्यांनी त्या पानापानाने पाहिल्या आणि काही न बोलता परत दिल्या. परंतु त्या रात्रीपासून त्यांच्या स्वयंपाकघरात एक पाट, एक चटई आणि उशिरापर्यंत तेवणारा दिवा आमच्या वर्गभगिनीच्या अभ्यासासाठी मांडून ठेवलेला असतो.